टीव्हीत बसलेला भाऊ

शनिवारी सकाळी माझा भाऊ टीव्हीवर आला आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. विचार करून गेले नाही. आधी गुडघे उठले, मग मी. ओट्याला टेकून उभी राहिले तेव्हा कळलं की आपण बाहेर आलो आहोत. किटली थंड होती, शेगडीवर काही नव्हतं, मला तिथे काडीचं काम नव्हतं. डोक्यावरून विमानतळाकडे उतरणारं विमान गेलं आणि नेहमीसारख्या कपाटातल्या बशा थरथरल्या. बाहेरच्या खोलीतून माझी मुलगी लेसिएली ओरडली, "आई! अगं कुठे चाललीस? मामा आलाय!"

"म्हणून तर आले ना इकडे!" मीही ओरडले.

"अगं तो टीव्ही नाहीये! मामा आहे तो!"

तेच तर. तो मामा होता म्हणूनच मी उठले होते. तो नुसता टीव्ही असता तर मी कशाला उठले असते? त्याच खुर्चीत बसून मी रोज बातम्या बघते, रग्बी बघते, बक्षिसं वाटणारा तो लठ्ठ माणूस बघते. पण भाऊ खोलीत आला आणि टीव्ही चालू असला तर बहिणीनं उठायचं, किंवा त्यानं उठायचं. कुणी शिकवावं लागत नाही. आमच्या टोंगात मुलगा बारा-तेराचा झाला की त्याचं अंथरूण घरातून उचलून अंगणातल्या झोपडीत टाकतात, आणि त्या दिवसापासून भाऊ-बहीण एका छपराखाली निजत नाहीत, एकमेकांच्या देखत थट्टामस्करी करत नाहीत, आणि पडद्यावरचं काही एकत्र बघत नाहीत, कारण पडद्यावर कधी काय येईल याचा नेम नसतो. आता तर पडद्यावर भाऊच आला होता. मग मी तो पडदा कुणाबरोबर बघत होते? त्याच्याबरोबर? की एकटीनं त्याला? आणि तो टीव्हीत होता, म्हणजे माझ्या खोलीत होता की नव्हता? ओट्यापाशी उभी राहून मी हे लावून बघत होते, आणि एक टोक हातात आलं की दुसरं सुटत होतं.

पेनिसिमानी माझा धाकटा भाऊ, तिकडे टोंगात, नुकुआलोफाच्या इस्पितळात होता. साखरेच्या आजारानं त्याचा पाय सडत चालला होता. डॉक्टर म्हणत होते, गुडघ्याखालून कापू द्या, नाहीतर विष वर चढेल आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही. तो कापू देत नव्हता. म्हणत होता, देवानं जेवढा पाठवला तेवढा परत जाईन. पाळकांनी सांगून झालं, मुलांनी रडून झालं. शेवटी त्याच्या मुलीनं, आकानेसीनं, मला फोन केला. "आत्या, तुम्ही सांगा. तुमच्या शब्दापुढे बाबा जाणार नाहीत." ते खरंच होतं. आमच्यात घरात राजा कुणीही असो, बहिणीचा शब्द भावाच्या वर असतो, आणि भावाच्या मुलांना तर आत्या म्हणजे जमिनीवरचा देव. त्यांची नावं मी ठेवली, त्यांची लग्नं मला विचारून ठरली. मी कापून घे म्हटलं तर त्याला नाही म्हणता येणार नव्हतं. पण म्हणायचं कसं? भावाच्या शरीराबद्दल बहिणीनं बोलायचं नसतं. त्याच्या अंगावरच्या कपड्याला मी हात लावत नाही, त्याच्या अंथरुणावर बसत नाही, आणि त्याच्या पायाचं काय करायचं ते मी सांगायचं? ज्या हातात हुकूम दिला तोच हात मागे बांधून ठेवलेला. फोनवर तो यायचाच नाही. आकानेसी फोन त्याच्या कानाशी नेई आणि मला ऐकू येई, "आत्यांना सांग, मी झोपलोय."

म्हणून हे पडद्यावरून बघण्याबोलण्याचं ठरलं. पण माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलाय. लेसिएलीच्या फोनवर माणसाचं तोंड नखाएवढं दिसतं, आणि लॅपटॉपवर तळहाताएवढं, तेही धुक्यातलं. तेव्हा शुक्रवारी कामावरून आल्यावर लेसिएलीनं एक केबल आणली आणि लॅपटॉप टीव्हीला जोडला. ती विमानतळाच्या धुलाईघरात काम करते, तिच्या हातांना सतत गरम चादरींचा वास येतो. केबल आखूड होती, म्हणून लॅपटॉप टीव्हीच्या उजव्या बाजूला इस्त्रीच्या टेबलावर ठेवावा लागला. टीव्ही आधी निळा झाला, मग त्यावर कुठल्याशा डोंगराचं चित्र आलं. लॅपटॉपवरही तोच डोंगर होता.

"आता हा टीव्ही नाही," लेसिएली म्हणाली. "लॅपटॉपचाच दुसरा पडदा आहे."

"मग टीव्ही कुठे गेला?"

"इथेच आहे की. हाच."

"आणि डोंगर दोन कसे?"

"दोन नाहीत गं. एकच लांबलचक जागा आहे असं समज. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. हा बाण बघ. इकडून असा ढकलला की तिकडे निघतो."

तिनं बोटानं बाण ढकलला. तो लॅपटॉपच्या पडद्यावरून सरकत सरकत काठापर्यंत गेला आणि नाहीसा झाला. मग टीव्हीवर उगवला. पण तिनं तो उजवीकडे ढकलला होता, आणि टीव्ही तर डावीकडे होता.

"उलटा ढकललास," मी म्हटलं.

"नाही, असाच ढकलायचा. त्याला वाटतं टीव्ही उजवीकडे आहे."

"कुणाला वाटतं?"

"लॅपटॉपला, आई!"

"मग सांग ना त्याला, डावीकडे आहे म्हणून."

"सांगता येतं, पण मला येत नाही. तू बाणाकडे बघूच नकोस. तू फक्त मामाकडे बघ."

पण मी बाणाकडेच बघत राहिले. लेसिएली अंघोळीला गेल्यावर मी स्वतः बोट लावून पाहिलं. बाण टीव्हीच्या दिशेनं ढकलला की भिंतीला थडकल्यासारखा काठावर अडायचा. पाठ फिरवून उलट्या दिशेनं नेला की जायचा. एकदा तर तो मला कुठेच दिसेना, ना इथे ना तिथे, आणि मी घाबरून लॅपटॉप मिटला. दोन पडद्यांच्या मध्ये आमची भिंत होती, दिव्याचं बटण होतं, माझ्या नवऱ्याचा कोट घातलेला फोटो होता. तेवढ्या जागेत बाण कुठे असतो? की तेवढी जागा त्याच्या लेखी नाहीच? असं पुष्कळ वेळ बसून राहिले. मग वाटलं, आपलं आयुष्य तरी याहून वेगळं काय गेलं. मला पेनिसिमानीशी बोलायचं असलं की मी कधी त्याच्याकडे तोंड करून बोलले? त्याच्या बायकोकडे तोंड करायचं, किंवा पोराकडे, किंवा कुत्र्याकडेसुद्धा, आणि शब्द बरोबर जायचा तिथे जायचा.

स्वयंपाकघरात उभी होते तेव्हाही तेच आठवत होतं, कारण मी अशीच उभी असायची, पॉन्सन्बीच्या घरात, लग्नानंतर आम्ही टोंगा सोडून नवीन नवीन या देशात आलो तेव्हा. पेनिसिमानी गोदीवर काम करायला आला आणि दोन हिवाळे आमच्याकडे राहिला. घर दोन खोल्यांचं, भिंती लाकडी, ओल आलेली, आणि बाहेरच्या खोलीत काळापांढरा टीव्ही, ज्याचे हप्ते फिटायचे होते. रग्बी असली की माझा नवरा आणि पेनिसिमानी टीव्हीपुढे बसत आणि मी स्वयंपाकघरात अळूच्या पानांत खारं मांस बांधत उभी असे. दार बोटभर उघडं असे. रग्बीचं वेड आमच्या घरात सगळ्यात जास्त मला. हे त्याला माहीत होतं. तो आत यायचा नाही, मी बाहेर जायची नाही. लेसिएली तेव्हा नुकती बोलायला लागली होती. तो तिला म्हणायचा, "जा, आईला सांग, आपला बारकुडा विंगर पळतोय." ती दुडदुडत येऊन मला म्हणायची, "आई, पलतोय." मग मी म्हणायची, "विचार त्यांना, कोण आडवा आलाय?" आणि ती परत जायची. तोवर तिकडे गुण मिळून गेलेले असायचे, ओरडा झालेला असायचा, आणि माझ्यापर्यंत तो पळणारा माणूस अजून पळतच असायचा. कधीकधी पेनिसिमानी पोरीला न पाठवता भिंतीलाच मोठ्यानं सांगायचा, "पडला रे पडला!" भिंतीला सांगायला हरकत नव्हती. मी हसायची, पण हातातल्या पानांकडे बघून. आज ते सगळे खेळ मला आठवतात, चिखल, पाऊस, उडालेला चेंडू, आणि मी त्यातला एकही पाहिलेला नाही.

लेसिएली आत आली. "ती पोरगी तिकडे फोन धरून हात दुखवतीये. चल."

"कमरेची चटई सुटलीये का बघ मागून." मानाच्या माणसापुढे आणि चर्चमध्ये आमच्यात कपड्यांवरून कमरेला विणलेली चटई गुंडाळतात.

"इस्पितळात बसलाय तो, चर्चमध्ये नाही. त्याला तुझी कंबर दिसणारसुद्धा नाही."

"त्याला दिसायला बांधलीये का मी?"

"बरं बाई. चल, राणीसाहेब."

मी परत येऊन खुर्चीत बसले. टीव्हीवर पेनिसिमानी खिडकीएवढा होता. इतका मोठा मी त्याला कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर इतका सरळ पाहिलाच नव्हता. म्हातारा झाला होता. मला धक्काच बसला. त्याचे केस पिकलेत हे मला माहीत होतं, चर्चच्या कार्यक्रमांच्या फोटोत बघितलं होतं, पण भुवई पांढरी झालीये आणि डाव्या गालावर आमच्या बापासारखा तीळ आलाय हे माहीत नव्हतं. तो खाली, मांडीकडे बघत होता. पडद्याच्या एका कोपऱ्यात लहानशी चौकट होती आणि तिच्यात कुणी बाई दुसरीकडेच तोंड करून बसली होती. नुसता कान, अंबाडा, आणि एक गाल. मला वाटलं इस्पितळातली शेजारच्या खाटेची कुणी असेल. काय बाई आहे, म्हटलं, लोक बोलतायत आणि ही तोंड फिरवून बसलीये. मग मी कान खाजवला आणि तिनंही खाजवला.

"ती तू आहेस," लेसिएली हळूच म्हणाली. "डोळा लॅपटॉपला आहे ना. तू टीव्हीकडे बघतेस, म्हणून त्याला तू बाजूनं दिसतेस. थांब, लॅपटॉप मधे आणते."

पण टीव्हीतून पेनिसिमानीचा आवाज आला. तो आकानेसीला विचारत होता, "आत्या कुठे बघतायत?"

"टीव्हीकडे बघतायत, बाबा. तिकडे तुम्ही टीव्हीवर आहात."

"म्हणजे इकडे बघत नाहीयेत."

"नाही."

"बरं आहे," तो म्हणाला, आणि त्याचे खांदे खाली आले. त्यानं मान वर केली. मला तो समोरून दिसत होता आणि त्याला माझा नुसता कान दिसत होता. मी लेसिएलीचा हात धरून तिला खाली बसवलं. असू दे तिथेच, म्हटलं. मग आम्ही बोललो. आकानेसीला मध्ये धरून बोललो, पण बोललो. आमच्या बेटावर निरफणस किती धरलाय, चर्चचं छप्पर कुणी उडवलं, वाऱ्यानं की खजिनदारानं, आणि गोदीवरचा त्याचा जोडीदार वारला ते मला कळलं का. तो म्हणाला, "आत्यांना सांग, तिथली थंडी मला अजून हाडांत सापडते." मी म्हटलं, "त्यांना सांग, मग पायमोजे..." आणि जीभ चावली. पाय हा शब्द माझ्या तोंडून त्याच्यासमोर निघाला होता.  तो पुन्हा मांडीकडे बघू लागला. मला इतकं छान वाटत होतं, इतक्या वर्षांत एवढं बोलणं झालं नव्हतं, आणि हे सगळं बोलणं ज्यासाठी होतं ते सोडून झालं होतं. मला वाटलं, असंच चालू द्यावं. मग वाटलं, असंच चालू दिलं तर महिन्याभरानं हा कुठे असेल? दोन्ही एकदम वाटत होतं, आणि कुठलं माझं कुठलं परक्याचं ते कळत नव्हतं.

आकानेसी उठली. ती हुशार आहे, तिची आई तशीच होती. "बाबा, जरा फोन लांब धरते, आत्यांना तुम्ही नीट दिसाल," म्हणाली, आणि मागे मागे सरकत दारापर्यंत गेली. खाट आडवी दिसू लागली. डावीकडे त्याचं डोकं, उशी, मग पोटावरची चादर. चादर गुडघ्यापर्यंतच होती. त्यापुढे टीव्हीची कड आली.

"पाय दिसत नाहीये," मी लेसिएलीला पुटपुटले. "पुढचं कुठे गेलं?"

"टीव्ही चित्र फुगवून दाखवतो, कडा बाहेर जातात. थांब, अख्खी चौकट जरा डावीकडे ओढते."

तिनं बाणानं चौकट पकडली आणि ओढली. खाट सरकू लागली. त्याचं डोकं टीव्हीच्या डाव्या काठाशी गेलं आणि काठातून बाहेर गेलं, आणि उजवीकडे, इस्त्रीच्या टेबलावर, लॅपटॉपच्या अगदी टोकाला ते उगवलं. मग उशी, मग छाती, मग पोट. लेसिएली थांबली. तिलाही कळेना. टीव्हीवर आता नुसता पाय होता, गुडघ्यापासून खाली, खुर्चीएवढा मोठा. आणि इस्त्रीच्या टेबलावरच्या लॅपटॉपवर, तळहाताएवढा, माझा भाऊ. डावीकडे पाय, उजवीकडे डोकं, आणि मध्ये आमची भिंत, दिव्याचं बटण, कोट घातलेला माझा नवरा. डॉक्टरांना जे करायचं होतं ते माझ्या मुलीनं बोटानं करून ठेवलं होतं.

"अगं बाई," लेसिएली म्हणाली. "थांब, नीट करते."

"राहू दे."

पायाची बोटं काळी होती. काळी म्हणजे मळकी नव्हे. भट्टीत भाजायला टाकून विसरलेल्या कंदासारखी. घोट्यापर्यंत कातडी चकचकीत, जांभळी, आणि टाचेला पट्टी. मी बघत राहिले. पाय एकटा होता. भाऊ तिकडे होता. मग पायाकडे बघणं म्हणजे भावाकडे बघणं होतं का? मला आधी असं वाटलं की हा कुणाचाही पाय असेल. आणि लगेच दिसलं की नाही, कारण ही टाच माझ्या हातात होती. तो सहा-सात वर्षांचा असेल, अजून घरातच निजायचा. ओहोटीला आम्ही खडकांवर शिंपले वेचत होतो आणि त्याच्या तळव्यात प्रवाळाचा तुकडा घुसला. भरती यायला लागली होती. मी त्याला पाठीवर घेतला. पाणी माझ्या कमरेपर्यंत होतं आणि त्याच्या पायातून रक्त येत होतं, आणि तो माझ्या कानाशी म्हणत होता, "ताई, मासे येतील, ताई, मासे येतील." वाळूवर आल्यावर मी त्याची टाच मांडीवर घेतली आणि तुकडा दातांनी काढला. त्याच्या रक्ताची खारट चव, समुद्राची खारट चव, वेगळी करता येत नव्हती. त्यानंतर कधीतरी त्याचं अंथरूण अंगणात गेलं. ती टाच पुन्हा मला दिसली नाही. त्यानं बूट घातले, गोदीवर गेला, चर्चमध्ये उभा राहिला, बायकोला पुरलं, सगळं याच पायावर, आणि मला त्या पायाचं काही माहीत नव्हतं. इथे तो पुन्हा माझ्यापुढे होता, माझ्याच घरात, मी चित्रपट बघावा तशी त्याच्याकडे बघत होते.

मला काहीतरी म्हणायचं होतं. ते पायाला म्हणावं की डोक्याला, ते कळेना. मी उठले आणि इस्त्रीच्या टेबलाकडे गेले. का गेले? त्याचं तोंड बघायला गेले असेन. लॅपटॉपवर वाकले, डोळे बारीक केले, आणि तो दिसला. तो फोनकडेच बघत होता. आता त्याच्या फोनभर मी होते, समोरून, जवळून, अश्रूंसकट. एक क्षण आम्ही एकमेकांना पाहिलं. मग त्यानं चादर ओढली आणि तोंडावरून घेतली. चादर वर गेली तसा इकडे, माझ्या पाठीमागे, टीव्हीवर पाय मांडीपर्यंत उघडा पडला. लेसिएली चट्कन दुसरीकडे बघू लागली.

चादरीखालून त्याचा आवाज आला. "आकानेसी, बंद कर ते. आत्यांनी काय बघितलं?"

 आकानेसीही रडत असावी, कारण चित्र हलत होतं.

मी तिला म्हटलं, "आकानेसी, तुझ्या बाबांना सांग..." आणि पुढचं मला माहीत नव्हतं. पाय कापून घ्या असं म्हणायला गेले असते तर ते शब्द माझ्या तोंडात नव्हते, कुणी घातलेच नव्हते. मी भिंतीकडे तोंड केलं. "त्यांना सांग, मी थोरली आहे. आधी मी जाणार. माझ्या मयताला जेवणाची भट्टी कोण पेटवणार? बहिणीच्या मयताला भाऊच मागच्या अंगणात राबतो ना? का माझ्या दारात भाड्याची माणसं आणायची? त्यांना सांग, भट्टीपुढे बसून काम असतं. उभं राहावं लागत नाही. बसलेल्या माणसाला काय काय नसलं तरी चालतं. आणि त्यांना हेही सांग, की माझ्या आधी जायची परवानगी मी दिलेली नाही. त्यांनी मागितली नाही, आणि मी दिली नाही."

 मला वाटलं केबल सुटली. लॅपटॉपवर न हलणारी चादर होती, टीव्हीवर पाय. मग चादर बोलली.

"आत्यांना सांग, ओल्या लाकडाच्या धुरानं माझे डोळे जातात."

"लाकूड सुकं आणू म्हणावं," मी म्हटलं.

"आत्यांच्या मयताला सुकं लाकूड मिळालं तर या राज्यात आश्चर्यच."  मग, अगदी हळू, "डॉक्टरांना बोलाव, आकानेसी."

मला वाटलं होतं की हे ऐकून मला हलकं वाटेल. वाटलं नाही. त्यानं माझा शब्द पाळला, की मी त्याला उघडा पाहिला त्या शरमेनं तो हो म्हणाला? हुकमानं वाचवला की लाजवून वाचवला? लेसिएली म्हणाली, "काय फरक पडतो, आई? हो म्हणाला ना?" तिला फरक पडत नसेल. ती इथे वाढली. मी दिवसभर ती चटई सोडली नाही, आणि संध्याकाळी टीव्ही लावला तेव्हा त्या बक्षीस वाटणाऱ्या माणसाला पाय आहेत की नाहीत ते बघत बसले. तो कायम टेबलामागे उभा असतो.

पाय कापला. तो शुद्धीवर आला, त्यानं गोड चहा मागितला आणि मिळाला नाही म्हणून परिचारिकेशी भांडला, असं आकानेसीनं कळवलं. आणि मग तिनं विचारलं, "आत्या, पायाचं काय करायचं? इस्पितळानं चटईत गुंडाळून दिलाय. बाबा म्हणतात, तुमच्या आईशेजारी पुरा. पण कसं पुरायचं ते कुणालाच माहीत नाही." पाळकांना विचारलं तर ते म्हणाले, प्रार्थना करतो, पण कुठली ते शोधावं लागेल. काळे कपडे घालायचे का, तेही ठरेना. लेसिएलीनं मला विचारलं.

"काळे मोजे घाल," मी म्हटलं. "पुरे तेवढं."

ती हसली, मग तोंडावर हात ठेवला, मग मीही हसले आणि मला कळेना की हे हसणं कुणाच्या मयताला हसणं आहे.

तो घरी आल्यावर, एका शनिवारी, पाय पुरला. लेसिएलीनं पुन्हा केबल लावली. या वेळी अख्खी दफनभूमी टीव्हीवर होती, वाळूचे उंचवटे, कडेनं पुरलेल्या बाटल्या, प्लॅस्टिकची फुलं, मागे समुद्राची पट्टी. वारा इतका होता की बोलणं तुटत होतं, आणि चित्र आधी येई, आवाज मागून. लोक ओठ हलवत आणि मग कधीतरी शब्द येत. पेनिसिमानी चाकाच्या खुर्चीत होता, कमरेला चटई, गुडघ्यावर घोंगडी. घोंगडी एका बाजूला सपाट होती. भाच्यांनी हातभर खड्डा खणला होता. आमच्यात भाऊ गेला की थोरली बहीण त्याच्या डोक्याशी बसते आणि तिनं म्हटल्याशिवाय माती पडत नाही. पण पायाच्या डोक्याशी कसं बसणार? मी इकडे मांगेरेत, घरातल्या माझ्या खुर्चीत बसले होते. त्यांना मी कुठे बसलेली दिसत होते कोण जाणे.

पाळकांनी काहीतरी म्हटलं. चटईची गुंडाळी खाली ठेवली. एवढीशी होती. मूल निजवावं तेवढी. मग सगळे थांबले आणि फोनकडे, म्हणजे माझ्याकडे, बघू लागले. आकानेसीचा आवाज आला, "आत्या, बाबा विचारतायत, परवानगी आहे का?"

 मी त्याला आधी जायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि त्याच तोंडानं हे खाली ठेवायला लावलं होतं. त्यातलं काही तिथे वाळूत होतं, काही खुर्चीत होतं. मी कुणाला जा म्हणणार होते? टीव्हीवर पेनिसिमानीचे ओठ हलले. तो समुद्राकडे बघून बोलत होता. भाचे खांदे हलवत हसायला लागले, मला अजून ऐकू आलं नव्हतं. मग आलं.

"आत्यांना सांग, एवढाच पुढे जातोय. बाकीचा त्यांच्या हुकमाची वाट बघत थांबलाय."

"जाऊ दे," मी म्हटलं.

कुणी हललं नाही. फावडी हातात तशीच होती, आकानेसीचे केस वाऱ्यानं तोंडावर आले होते, आणि माझा भाऊ समुद्राकडे बघत मान किंचित कलती करून बसला होता, भिंतीपलीकडून काही ऐकू यावं तसा. मला वाटलं, पुन्हा म्हणावं का? मोठ्यानं म्हणावं का? मग त्यानं मान हलवली, आणि माती पडायला लागली.